चार जणांचे चार प्लग

बरंसाहेबांना गाडीचं इंजिन बदलायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं चांगलं, कारण पुढे जे घडलं त्यावरून लोकांचा असा समज झाला की पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थांना शर्यतीत उतरायची हौस आली. हौस वगैरे काही नव्हती. भाच्यानं एकदा गाडीचं बॉनेट उघडून आत बघितलं, जिभेनं च्यक् केलं आणि म्हणाला, "मामा, एकदा माझा हात फिरू दे हिच्यावरून." त्यावर बरंसाहेब म्हणाले, "बरं." झालं ते एवढंच.

हे "बरं" त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघायचं की नकाशा कार्यालयात त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या टेबलावरचं काम सरकत सरकत यांच्या टेबलावर आलं तरी बरं. न्हाव्यानं केस जरा जास्तच उडवले तरी आरशात बघून बरं. रस्त्यात कुणी मोजे विकायला आला तर तेही बरं. घरात न वापरलेल्या मोज्यांचा एक खण भरला होता. समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की बरंसाहेबांच्या घशात आवंढा दाटायचा, कान गरम व्हायचे, आणि आवंढा खाली गेला की त्याच्या जागी "बरं" वर यायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात. बरंसाहेबांकडे ही बहीण कायमची राहायला आली होती.

त्यांच्या पत्नी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. सगळं जग त्यांना बाई म्हणायचं, तेव्हा आपणही बाईच म्हणू. बाईंच्या लेखी उत्तर बरोबर असायचं नाहीतर चूक असायचं. मधलं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

तर या बाईंना एक थोरली बहीण होती, ताई. ती घाटापलीकडच्या गावात एकटी राहायची. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच बाईंना वाढवलं होतं, वेण्या घातल्या होत्या, पाढे म्हणून घेतले होते. आता ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. गेली कित्येक वर्षं तिला समोरचं माणूस म्हणजे नुसता एक धुरकट आकार दिसायचा आणि ओळख पटायची ती आवाजावरून. ऑपरेशन म्हटलं की ती पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. बाईंनी मनधरणी करकरून एका डोळ्यापुरतं तिला कबूल केलं, तेव्हा तिनं एकच अट घातली.

"पट्टी सोडतील तेव्हा समोर तू हवीस. इतक्या वर्षांनी दिसायला लागणार, तर पहिली तू दिसली पाहिजेस. डॉक्टरचं नाक नको."

बाईंनी शब्द दिला. ऑपरेशन पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी होतं आणि पट्टी दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारच्या आत सुटायची होती. शनिवारी शाळेत परीक्षा, त्यामुळे बाई म्हणाल्या, "मी रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं जाते."

"नाही," बरंसाहेब म्हणाले. "दारात गाडी असताना बस कशाला? बसबिस काही नको. मी नेतो तुला."

हे "नाही" कसं सरळ आलं बघा. आवंढा नाही, कान गरम नाहीत. तेव्हा ही गोष्ट बरंसाहेबांच्या लक्षातही आली नाही. बाईंच्या आली असावी, पण त्या उत्तरपत्रिका तपासत राहिल्या.

आता अडचण अशी होती की ही दारातली फिकट निळी गाडी घाट चढायची नाही. म्हणजे चढायची, पण प्रत्येक वळणावर तिला धाप लागायची आणि मागचे ट्रकवाले काय काय बोलायचे. म्हणून तर भाच्याचा हात फिरू दिला. भाचा शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपात कामाला होता आणि त्याला साधी गाडी बघवत नसे. त्यानं इंजिनाची सिलिंडरं मोठी करून घेतली, वरचं झाकण म्हणजे हेड दुसरंच आणून बसवलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन लावले. गाडी परत आली तेव्हा तिच्या आवाजानं आख्ख्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. बरंसाहेब आत अंग चोरून बसले होते, जसं काही दुसऱ्याचीच गाडी चुकून आपल्याकडे आली आहे.

"मामा, आता घाट म्हणजे तुमचं अंगण," भाचा म्हणाला. "फक्त तेवढा प्लग बरोबरचा निवडायला हवा."

या "फक्त" शब्दावर एखाद्या विद्वानानं खरं तर ग्रंथ लिहायला हवा. फक्त एक सही राहिली आहे, फक्त रंगाचा शेवटचा हात राहिला आहे, फक्त मुलाकडच्यांचा होकार राहिला आहे. या "फक्त"च्या पलीकडे गेलेली माणसं कुणी फारशी पाहिलेली नाहीत. गाडी सुरू व्हायची, तीन पावलं धड टाकायची आणि चौथ्याला लंगडायची.

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी बोटभर वस्तू. दर सिलिंडरला एक, म्हणजे बरंसाहेबांच्या गाडीला चार. आजवर त्यांना वाटायचं की प्लग म्हणजे प्लग. आता कळलं की त्यातही गरम आणि थंड असतात. थंड प्लग आपली उष्णता भराभर बाहेर टाकतो, गरम प्लग ती मनात धरून ठेवतो. इंजिन तापट असेल तर थंड प्लग द्यायचा, इंजिन निवांत असेल तर गरम. दोन तापट एकत्र आले तर प्लगचं टोक जळतं आणि दोन थंड एकत्र आले तर काजळी धरते. बरंसाहेबांनी हे ऐकून बाईंकडे हळूच बघितलं आणि विषय पटला अशी मान हलवली.

भाच्याचं म्हणणं होतं, थंडातला थंड. "मामा, आता हे शर्यतीचं इंजिन आहे. याला हाच लागतो." त्यानं खिशातून नमुन्याला एक प्लग काढून मामाच्या तळहातावर ठेवला. "बरं," मामा म्हणाले.

ही बातमी जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्यावर कप्तान राहायचे. ते कप्तान कधीच नव्हते. जहाजाच्या इंजिनखोलीत सगळी नोकरी झाली होती, पण निवृत्तीनंतर माणसाला एखादी बढती मिळायला काय हरकत आहे. जहाजाच्या इंजिनाला ठिणगीचा प्लगच नसतो, ही गोष्ट सल्ला देताना त्यांच्या कधी आड आली नाही.

"हे बघा," कप्तान कठड्याला रेलून म्हणाले, "तुम्ही गाडी चालवणार ऑफिस ते बाजार आणि बाजार ते ऑफिस. थंड प्लग काजळून जाईल आठवड्यात. तुम्हाला गरमच हवा. मी समुद्रात हेच केलं." संध्याकाळी त्यांनी स्वतः खाली उतरून, गुडघ्याला हात लावत लावत, एक गरम प्लग आणून दिला. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून कुठल्या माणसाला नाही म्हणवलं असतं?

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना मात्र बरंसाहेब तोंड चुकवत होते. इतकी वर्षं गाडीचं दुखलंखुपलं त्यांनी बघितलं आणि आता पोट फाडलं ते परक्यानं. पण कोपरा चुकवून घरी जायचा रस्ता नव्हता. मिस्त्रींनी हाक मारली, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला आणि तो येईपर्यंत हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "मी काय वाईट केलं होतं साहेब?" बरंसाहेबांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "कंपनीनं गाडी बनवली ती काय डोळे मिटून? कंपनीचा जो प्लग आहे तोच घाला. बाकीचे काय, आज सांगतील आणि उद्या ओळख देणार नाहीत." आणि त्यांनी एक कंपनीचा प्लग कागदात बांधून दिला. नवीन हेडला लांब मानेचा प्लग लागतो आणि हा आखूड मानेचा आहे, हे मिस्त्रींना माहीत असायचं कारण नव्हतं. हेड बदलल्याचं सांगायची बरंसाहेबांची छाती झाली नव्हती.

राहता राहिले ऑफिसचे साहेब. त्यांना मोटारींचा नाद होता. नकाशावर बोट ठेवून एखादा ओढा कुठे वळतो ते विचारताना त्यांनी एकदम विचारलं, "काय हो, प्लगचं काय ठरलं?" ऑफिसात कुणीतरी बोललं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या गाडीतून काढलेला एक भारी धातूचा प्लग बरंसाहेबांना दिला. "वापरलेला आहे, पण याला मरण नाही. घाला आणि मला सांगा." सांगा म्हणजे रोज सांगा, हे बरंसाहेबांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळत होतं.

असे चार प्लग बरंसाहेबांच्या घरच्या टेबलावर जमले. चौघेही भेटतील तिथे विचारत होते, बसवला का? एकाचा बसवावा तर तिघांचा अपमान. एकाचाही न बसवावा तर चौघांचा. बरंसाहेब नकाशाचं भिंग लावून चार प्लगांची टोकं बघत बसले आणि त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. प्लग चार होते. सिलिंडरंही चार होती.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं शहाणी माणसं सांगतात. बरंसाहेबांनी ऐकलं जनाचं आणि केलंही जनाचंच, फक्त कुणावर अन्याय होऊ नये म्हणून समसमान वाटून दिलं. पहिल्या सिलिंडरला भाच्याचा थंड, दुसऱ्याला कप्तानांचा गरम, तिसऱ्याला मिस्त्रींचा आखूड आणि चौथ्याला साहेबांचा भारी. चार चुकीच्या उत्तरांची सरासरी काढून बरोबर उत्तर येत नाही, हे त्यांना एका खोलीपलीकडे बसलेल्या बाईंनी सांगितलं असतं. पण बाईंना विचारायचं त्यांना सुचलं नाही.

गाडी सुरू झाली. लंगडली, पण आधीपेक्षा कमी, असं बरंसाहेबांनी स्वतःला पटवलं. त्यांच्या मनाला फार शांत वाटलं. इतक्या माणसांना एकाच वेळी खूश करण्याचा योग आयुष्यात क्वचित येतो.

पुढे प्रत्येकाला आपापला प्लग बघायचा होता. बरंसाहेबांनी बॉनेटखाली एक पिवळं फडकं ठेवलं. कप्तान आले की फडकं बाकीच्या तिघांवर टाकून दुसरा प्लग उघडा करायचा. मिस्त्री आले की तिसरा. कप्तान म्हणायचे, "बघा, आवाज कसा गोड झालाय." मिस्त्री म्हणायचे, "शेवटी कंपनी ती कंपनी." एकदा दोघे एकदमच आले. तेव्हा बरंसाहेब बॉनेटवर चक्क आडवे पडले आणि पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. दोघांनी मिळून त्यांना घरी पोचवलं, आणि उसणीवर काय लावावं याबद्दलही दोन मतं निघाली. त्यांनी दोन्ही लावलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण साहेबांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सहज विचारलं, "इंजिनात बदल केलाय म्हणजे तपासणी करून घेतली असेल ना? आपण सरकारी माणसं." झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरंसाहेब अर्धी रजा टाकून वाहन तपासणी कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीनं त्यांना तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिसरीवरचा माणूस पहिलीवर बसला होता, कारण पहिलीवरचा जेवायला गेला होता. असं करत करत ते अंगणात उभ्या असलेल्या तपासनिसापर्यंत पोचले. तपासनीस उंच, किरकोळ अंगाचे आणि दात दुखत असल्यासारख्या चेहऱ्याचे होते. त्यांनी बॉनेट उघडलं आणि दोन बोटांनी पिवळं फडकं उचललं.

"हे काय आहे?"

"प्लग," बरंसाहेब म्हणाले.

"ते दिसतंय. चार जातीचे का आहेत?"

"चार जणांनी दिले."

तपासनिसांनी फडक्याची घडी करून ते बाजूला ठेवलं. नोकरीत त्यांनी दिवे नसलेल्या गाड्या पाहिल्या होत्या, ब्रेक नसलेल्या पाहिल्या होत्या. "गाडी तुमचीच आहे ना?" त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही, अगदी सरळ विचारलं, आणि ते बरंसाहेबांना फार लागलं.

"एका इंजिनाला एकसारखे प्लग घालायचे. बसवून आणा, मग बघू," तपासनीस म्हणाले. आणि पाठ फिरवता फिरवता थांबले. "आणि बसवणारच असाल तर माझ्या मते कंपनीच्यापेक्षा एक पायरी थंड घ्या. लांब मानेचा. माझा मेहुणा तोच वापरतो."

"बरं," बरंसाहेब म्हणाले आणि मनातल्या मनात पाचवं सिलिंडर कुठे मिळेल याचा विचार करू लागले.

म्हणजे शुक्रवारीच त्यांना कळलं होतं की गाडी अशी नेणं ठीक नाही. शनिवारी ते सुट्या भागांच्या दुकानात गेलेही. दुकानदारानं विचारलं, "कुठले देऊ?" बरंसाहेबांच्या डोळ्यांपुढे कप्तानांचे गुडघे आले, मिस्त्रींचा चहा आला, साहेबांचं बोट आलं, भाच्याचा हसरा चेहरा आला. आवंढा दाटला. "नंतर येतो," म्हणून ते परत फिरले. एकदा रविवार पार पडू दे, मग बघू. गाडी चालतेय ना. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "गाडी ठीक आहे ना? नाहीतर मी बसनं जाते, माझं काही अडलेलं नाही."

"नाही म्हटलं ना एकदा," बरंसाहेब म्हणाले.

रविवारी सकाळी दोघं निघाली. बाईंनी ताईसाठी एक नवा मऊ टॉवेल आणि तिच्या आवडीचा साबण घेतला होता. सपाटीवर गाडी बरी धावली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि मधेच हसत होत्या. "ताईला माझी साडी दिसेल," त्या म्हणाल्या. "मुद्दाम हिरवी नेसले. तिला हिरवा रंग आठवतो का ते विचारणार आहे."

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला इंजिनातून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याला ठोठावणारा माणूस चिडला. तिसऱ्या वळणापर्यंत गाडी दोन पायांवर चालत होती. चौथं वळण काही आलं नाही. बरंसाहेबांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बाईंनी न सांगता उतरून मागच्या चाकाला दगड लावला.

बॉनेट उघडलं. इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. मग बरंसाहेबांनी पान्यानं एकेक प्लग काढून कठड्यावर मांडला. भाच्याचा थंड प्लग काजळीनं काळा मखमली झाला होता. शर्यतीचा गडी ऑफिस ते बाजार करून पार मरगळला होता. कप्तानांचा गरम प्लग खडूसारखा पांढरा पडून टोकाला फोड आले होते. मिस्त्रींचा आखूड प्लग आत पोचलाच नव्हता, त्याच्या तोंडावर नुसती खरड साचली होती. साहेबांचा प्लग पेट्रोलनं ओला चिंब होता. त्याला मरण नव्हतं हे खरं, पण टोकातली फट इतकी वाढली होती की त्याच्यात जीवही नव्हता.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चारही प्लग नीट पाहिले.

"हे चार वेगळे आहेत."

"हो."

"का?"

बरंसाहेबांनी सांगितलं. भाचा, कप्तान, मिस्त्री, साहेब, फडकं, उसण, तपासनीस, सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. गृहपाठ का झाला नाही हे सांगणाऱ्या मुलीचं त्या असंच ऐकून घ्यायच्या.

"म्हणजे परवाच कळलं होतं तुम्हाला."

"चढेल असं वाटलं होतं गं."

"कुणाला वाटलं होतं? त्या चौघांना की तुम्हाला?"

बरंसाहेबांनी आखूड प्लग उचलला आणि पुन्हा कठड्यावर ठेवला.

"कप्तानांना वाईट वाटू नये," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मिस्त्रींना वाटू नये, साहेबांना वाटू नये, भाच्याला वाटू नये. चांगलंय. पण या सगळ्यात मी कुठे बसते?"

"अगं, तू तर घरचीच..."

"तेच म्हणतेय मी. लोकांना नाही म्हणताना तुमच्या घशात अडकतं. मी इतक्या वर्षांत बघत आलेय, मला नाही म्हणताना कधी काही अडकलं नाही. बस नको म्हणालात ते किती चटकन म्हणालात." त्यांनी घड्याळ बघितलं आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला नजर लावली. "ताई पट्टी बांधून बसली असेल. माझी वाट बघत."

एरवी कुणाचं मन मोडलं तर बरंसाहेबांना रात्रभर झोप लागायची नाही, आणि हे एक मन ते कधीपासून मोडत आले होते, तेही रोज जेवणखाण करून, गाढ झोपून. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

पण लाजेलाही निवांतपणा लागतो आणि तो मिळाला नाही. रस्त्यात बॉनेट उघडं दिसलं की माणसं जमतातच. आधी एक मोटारसायकलवाला थांबला, मग एका टेंपोतले दोघे उतरले, मग सहकुटुंब चाललेले एक गृहस्थ कुटुंबाला गाडीत ठेवून आले. कठड्यावरचे चार प्लग बघून सगळ्यांचे डोळे चमकले.

"हा काळा झालेलाच चांगला. नुसता घासून लावा," टेंपोवाला म्हणाला.

"काही नाही, हा पांढरा ठेवा. काळ्यानंच घात केलाय," मोटारसायकलवाला म्हणाला.

"प्लगचा दोषच नाही हा," सहकुटुंब गृहस्थ म्हणाले, "माझ्या मते पेट्रोलच नासकं आहे." बघता बघता चर्चा रंगली आणि सगळी डोकी बॉनेटखाली गेली.

तेवढ्यात खालच्या वळणावरून बस वर आली. बाईंनी पिशवी खांद्याला लावली, रस्त्याच्या मधे जाऊन हात केला आणि बस थांबली. वळून त्या एवढंच म्हणाल्या, "मी जाते. गाडीचं बघा तुम्ही." आणि चढल्या.

"साहेब," बॉनेटखालून हाक आली, "जरा आत बसून चावी फिरवा बरं."

"बरं," बरंसाहेब म्हणाले. अगदी सवयीनं म्हणाले, आणि गाडीच्या दाराकडे निघालेसुद्धा. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मागे बसनं घरघर सुरू केली. मागच्या खिडकीत हिरव्या साडीचा पदर दिसत होता. बरंसाहेबांनी मूठ सोडली आणि ते धावत सुटले. हातात प्लगचा पाना, शर्टाला काजळी, एका पायातला बूट सैल. असं धावणं त्यांच्या वयाला आणि हुद्द्याला शोभणारं नव्हतं, आणि एरवी ते बस गेलेली बघत शांतपणे उभे राहिले असते. पण आज त्यांनी ओरडूनही बघितलं. कंडक्टरनं मागे पाहिलं आणि हातानंच, पुढची घ्या, अशी खूण केली.

आतून बाईंचा वर्गातला आवाज आला. "थांबवा. ते आमचे आहेत."

बस थांबली. बरंसाहेब दांड्याला लोंबकळत आत आले. कंडक्टरनं त्यांच्या हातातल्या पान्याकडे संशयानं बघितलं.

"गाडी?" बाईंनी विचारलं.

"राहू दे."

बसनं वळण घेतलं तेव्हा त्यांना खिडकीतून आपली फिकट निळी गाडी दिसली. बॉनेट उघडं, भोवती आता पाच-सहा माणसं, एक जण हातवारे करून काही समजावत होता. मालक निघून गेलाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या बरंसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. बाईंनी मधेच आपला रुमाल पुढे केला आणि बरंसाहेबांनी कपाळ पुसलं. काजळी कपाळभर पसरली.

दवाखान्यात पोचायला व्हायचा तो उशीर झालाच. जिना चढतानाच वरून डॉक्टरांचा वैतागलेला आवाज ऐकू येत होता.

"आजी, मला बाकीचे पेशंट आहेत. मघापासून दोनदा येऊन गेलो मी."

"तिसऱ्यांदा या," ताई म्हणत होती. "ती आल्याशिवाय पट्टीला हात लावू द्यायची नाही मी. नाही म्हणजे नाही."

ताई खाटेवर दोन्ही हातांनी पट्टी धरून बसली होती, कुणी चोरून नेईल तशी. "ताई, मी आले गं," असं बाईंनी म्हटल्यावर तिनं हात खाली घेतले. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला. बरंसाहेब मागे भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस काढला, डोळा पुसला आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढला.

ताईनं डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि डॉक्टर म्हणाले, असू दे, येऊ दे. ती बाईंकडे बघत राहिली. किती वेळ बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि बाईंच्या कानाजवळच्या केसांना बोटं लावली.

"अगं, हे कधी झालं?"

"काय?"

"पांढरे झाले की गं सगळे." ताईच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. "माझ्या डोळ्यापुढे तुझी ती काळी जाड वेणीच आहे. मी रोज तीच बघायची. आणि हे डोळ्यांखाली... तू कधी एवढी दमलीस?"

"झाले हळूहळू," बाई म्हणाल्या. "वय झालं ताई." हसायला गेल्या आणि त्यांना ते नीट जमलं नाही.

बरंसाहेबांनी भिंतीपासून मान पुढे काढून बघितलं. कानाजवळचे, भांगाजवळचे, मागे अंबाड्यात गेलेले, खरंच सगळे पांढरे होते. खांदे जरा पुढे झुकले होते. गेला आठवडाभर त्यांनी चार लोकांच्या चार प्लगांची टोकं भिंगातून पाहिली होती. हे डोकं रोज त्यांच्या उशीशेजारी असायचं.

ताईला आता भिंतीजवळचा माणूस दिसला. काळं कपाळ, हातात पाना. तिनं डोळा बारीक करून ओळख पटवली.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "अहो, मी आंधळी होते. तुम्हाला तर सगळं दिसत होतं ना? मला एकदा तरी सांगायचंत, हिचं असं झालंय म्हणून."

डॉक्टर डब्यात चिमटे ठेवत होते. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. बरंसाहेबांच्या घशात आवंढा दाटला, कान गरम झाले, आणि काहीतरी गोड, कुणालाच लागणार नाही असं उत्तर ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं.

"नाही, ताई," ते म्हणाले. "मला नाही दिसलं."

मग बाईंनी पाठमोऱ्या राहूनच स्टूल थोडं बाजूला सरकवलं आणि खाटेच्या कडेला बरंसाहेबांपुरती जागा केली.